बुजवलेला बंकर

सहावं होल समुद्रानं नेलं दोन हिवाळ्यांत,
हिरवळीसकट, बाकासकट,
आणि बाकावरच्या पितळी पाटीसकट, जिच्यावरचं नाव
आम्हाला कुणालाच आता आठवत नाही.
मग एडिंबराहून एक तरुण आला, त्यानं ड्रोन उडवला,
वाऱ्यानं तो दोनदा मेंढ्यांत पाडला,
तरी कागदावर मैदान नव्यानं मांडून झालं:
सातवं आत सरकलं, बाराव्याला कोपर फुटलं,
चौदाव्यानं तोंड फिरवलं.

वाऱ्याला मात्र नकाशा दाखवला नाही कुणी.
तो जुन्याच वाटेनं येतो अटलांटिकवरून,
ओठांवर मीठ घासत,
गॉर्सच्या पिवळ्या काट्यांतून शीळ घालत.

आज बुधवार. डोनल्डिना आणि मी.
ती पंचाहत्तरची. हयातभर गावचं पोस्ट सांभाळलेली.
टोपी मफलरनं हनुवटीखाली बांधलेली,
कॅनव्हासच्या पिशवीत सातच क्लब.
बाकीचे म्हणे मिरवायला असतात.
वारा येईल तशी पाठ द्यावी, हे शहाण्यांचं झालं.
ती छाती देते
आणि चेंडू इतका खालून काढते
की सशांनी माना लववाव्यात.
माझा वर जातो, क्षणभर थबकतो,
आणि वारं प्यालेल्या वासरासारखा
उधळतो खडकांकडे.
"गेला नॉर्वेला," ती म्हणते,
"तिकीट लावलं होतंस ना?"

नववं.
इथे होता तो बंकर.
तिच्या बापानं फावड्यानं खणलेला,
युद्धावरून परतल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात,
कुणाशी एक शब्द न बोलता.
पुरुषभर खोल, हिरवळीच्या डाव्या कुशीत.
डॉक्टर उतरले त्यात, पाद्री उतरले,
पाद्र्यांची शिवी अजून गावात चालते.
यंदा वसंतात तो बुजवला.
अहवालात लिहिलं होतं: अनावश्यक कठोर.

तिचा चेंडू नेमका तिथेच पडला
आणि नव्या उतारावरून, लाडात आल्यासारखा,
घरंगळत ध्वजापाशी गेला.
"झकास!" मी ओरडलो.
ती काही बोलली नाही.
चालत निघाली. जिथे कड होती
तिथे पाऊल जरा अडलं,
मग तिनं वळसा घातला
त्या सपाट, निरुपद्रवी गवताला,
एक हात किंचित बाहेर काढून,
तोल सांभाळावा तसा.
मीही तिच्यामागून वळसाच घातला.
मधून जाणं बरं दिसलं नसतं.

दोन फुटांवरून तिनं चेंडू आत टाकला.
कार्ड फडफडत होतं, मी कोपरे धरले.
तिनं पेन्सिलीनं लिहिलं: चार.
"तीनच झाले," मी म्हणालो.
"एक आतला," ती म्हणाली,
आणि पेन्सिल कानामागे खोचली.

पुढचं दहावं अगदी नवं.
खांबाचा रंग अजून बोटाला लागत होता.
कुठे मारायचं, दोघांनाही ठाऊक नव्हतं.
"थर्मास काढ आधी," ती म्हणाली,
आणि वाऱ्याकडे पाठ करून बसली.