दोनशे चाळीस जीबी

कुडाळच्या स्टँडमागे मुजावरने
दोन डब्या ठेवल्या काउंटरवर.
एक नावाजलेली, एक स्वस्त.
मी स्वस्त उचलली. मच्छीमार सोसायटीचा ठराव
पंधराशेचाच होता.

बिस्किटाएवढी. तळहाताला वजनच लागेना.
"आत फिरणारा काय नाय," तो म्हणाला,
"म्हणान आवाज नाय."

जुनी डिस्क खरखरायची,
वाळूवरून होडी ओढावी तशी,
आणि कॉम्प्युटर जागा होईपर्यंत
डिझेल परताव्याला आलेला जयवंत खोबरेकर
बाकावर बसून सांगायचा
किती वावांत जाळं फाटलं,
मुलगा गोव्याहून का येत नाही.

आता अकरा सेकंद.
जयवंत टेकायच्या आत पावती हातात.
"झाला?"
दारातच उभा, चपला न काढता.

जुनी डिस्क खणात आहे, रबर स्टॅम्पांशेजारी.
खाऱ्या वाऱ्याने स्क्रू गंजलेत.
नवीची वॉरंटी तीन वर्षं,
बिलामागे मुजावरने पेनाने लिहिलेली.

काल पावती छापली, पण दिली नाही लगेच.
विचारलं, मुलगा काय म्हणतो?
जयवंतने चपला काढल्या.
बऱ्याच वेळाने स्क्रीन
आपोआप विझला.