वाकड्या मोहाची

दसरू पोटावीनं दोन थेंब मातीला दिले,
मग पळसाचा दोना माझ्याकडं:
“कोन्या झाडाची होय, सांग.”

घोट जिभेवर धरला.
आधी धूर, मडक्याचा.
मग पार घशाजवळ
भिजल्या मनुकेसारखं काही,
आणि तुरट.

“नाल्यावरच्या मोहाची?”
“थे तं पावन्यायले देतो,” तो हसला.
“हे वाकड्याची. मायच्या वाट्यातला.”

वाकडा उभा होता तिथून
आता धानोऱ्याची सडक जाते,
मी तिच्यावरूनच आलो होतो, फटफटीवर.

“ढोलीत पायलीभर फुलं होती.
दोन उन्हाळे हात नाही लावला.”

मडकं त्यानं हलवून पाहिलं,
तळाशी थोडं वाजलं.
“अजून घेतं?”

मी दोना पुढं केला
आणि लगेच थोडा मागं.