पारंपरिक

म्हादू भुवडाची सगळी गाणी माझ्या अक्षरात आहेत.
त्याला लिहिता यायचं, पण हात वेल्डरचा;
माझं अक्षर, तो म्हणायचा, वितळून येतं.
मी सित्राच्या यार्डात टाइमकीपर.
जुन्या टाइमशीटच्या पाठी कोऱ्याच असायच्या.

जाखडीचा शाहीर. गुहागरकडच्या अठरा वाड्या
भाद्रपदात त्याच्या शब्दांवर चाळ बांधून फिरायच्या
आणि तो इथे बहरीनमध्ये, तेलाच्या रिकाम्या टाकीत,
हातोडीनं ठेका धरून पुढची ओळ शोधत.
टाकीत प्रत्येक ओळ दोनदा ऐकू येते.
दुसऱ्यांदा बरी वाटली, तरच ठेवायचा.

पहिल्या गाण्याचे एक्कावन्न रुपये आणि नारळ.
पुढे तीनशे. एका साली नुसताच नारळ,
तो इथे कसा पोचायचा? पोरांनी खाल्ला.
सुट्टीवर निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेत
टँगच्या डब्याशेजारी कॅसेट जायची:
एका बाजूला चाल, त्याच्या बसक्या आवाजात,
दुसऱ्या बाजूला बायकोला निरोप. ती बाजू बरीचशी रिकामी.

शुक्रवारी गेटवर हाजी मर्हून चहा पाजायचा.
त्याचा आजा मोत्यांच्या गलबतावर गाणारा.
बुडी मारायची नाही, दोर ओढायचा नाही,
नुसतं गायचं,
आणि हंगाम संपला की मोत्यांत त्याचा वाटा.
मी अरबीतून उलगडून सांगितलं.
म्हादू किती तरी वेळ ग्लास फिरवत बसला.
मग एवढंच: 'वाटा?'

चिपळूणच्या एकानं कॅसेट काढली.
कव्हरवर गायक, आंब्याला टेकून.
म्हादूचं नाव शेवटच्या कडव्यात होतं, जाखडीत असतंच,
गुरूच्या नावाखाली: भुवड म्हादू सांगे सभेला.
ते कडवं कापलेलं. का, तर कॅसेटची बाजू संपली.
'बाजू संपली,' तो म्हणाला, आणि हसला,
आणि त्या साली एकही गाणं लिहिलं नाही.

मग परवाचा महाराष्ट्र दिन, मनामात, शाळेच्या हॉलमध्ये.
मी पुरणपोळीसाठी गेलो, तो माझ्या सोबतीला.
मागून तिसरी रांग, एसीच्या झोताखाली.
निवेदिका म्हणाली, आता एक पारंपरिक लोकगीत,
शेकडो वर्षं कोकणात गायलं जाणारं.
आठ पोरी आल्या, शिवलेल्या नऊवारीत.
पहिल्या ठेक्यालाच त्याचा गुडघा हलला.

त्यानं सांगितलं होतं, मी लिहिलं होतं:
गेलेल्या गड्या रं, विसरू नको गाव.
पोरी गायल्या:
गेलेल्या गड्याला विचारू नको गाव.

मी उठायला लागलो. नाव सांगणार होतो,
शब्द सांगणार होतो, साल सांगणार होतो.
त्यानं माझी बाही धरली.
पुन्हा ध्रुपद आलं. पुन्हा तेच चुकलं.
टाळ्या झाल्या. त्यानंही वाजवल्या, जरा उशिरानं.

बस सित्राच्या पुलावर आली.
रिफायनरीची ज्योत खाडीच्या पाण्यात उलटी जळत होती.
'युसूफ,' म्हणाला, 'विसरू नको, हे कुणीही म्हणेल.
म्हातारी म्हणते. पोस्टमन म्हणतो.
विचारू नको! कुणा येड्या पोरीला नीट ऐकू आलं नाही
आणि तिनं गाणं पुरं केलं.'

खोलीवर येऊन ट्रंक काढायला लावली.
कागद पिवळा, घडीवर फाटलेला.
माझ्याकडून 'विसरू' खोडवलं, वर 'विचारू' लिहवलं.
शेवटच्या कडव्यापाशी मी पेन थांबवलं, त्याच्याकडे पाहिलं.
'ते राहू दे,' म्हणाला. 'बाकीचं त्यांचं.'

तो झोपल्यावर मी कागद उलटला.
सरळ बाजूला, त्याच माझ्या अक्षरात:
भुवड एम. टाकी नंबर नऊ.
दोन तास कापले. कारण, कामावर गात होता.