पहिली हीट

शिरोलीत सोमवारी सुट्टी,
म्हणून आमचा आठवडा मंगळवारी पेटतो.
पावणेसातला भट्टी लाल,
सातला पांढरी,
आणि आण्णाप्पा मगदूम खिशातून
कागदाची पुडी काढतो.

चिमूटभर गूळ.
भरल्या लेडलमध्ये पडतो, भुर्रकन जातो.
नंतर लॅबवाला स्पेक्ट्रोचा कागद फाडून आणतो:
कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक.
गूळ कुठेच नाही.
"कार्बनात बघ की," मगदूम म्हणतो,
"तिसऱ्या आकड्यात आसंल."

गूळ पडला की विचारतो,
कुणाकडं न बघता,
"हाईत काय सगळे?"
आणि एकेक जण आपापल्या जागेवरून:
"हाय."
"हाय."
अंगठा पेरांवरून सरकत जातो, अकरा वेळा.
बाराव्या पेरावर तो नुसता थांबतो, श्वासाएवढा.
ते तानाजी चौगुलेचं.
पाय भाजल्यापासून तो गावी पानपट्टी चालवतो,
चांगला धडधाकट आहे, वर्गणीला येतो.
तरी थांबतो.

पुण्याहून आलेल्या मॅनेजरांना हे फार आवडलं.
त्यांनी आणखी आणलं.
शपथ आली, हात पुढं करून म्हणायची,
तिचा फलक आला.
महिन्याचा उत्तम कामगार आला, फोटोसकट.
वाढदिवसाचा केक आला;
काळ्या बोटांनी पांढरं क्रीम उचलताना
पोरं लाजली.
अंगठ्याचं मशीन आलं,
त्याला वाळूनं झिजलेले अंगठे ओळखू येईनात.
मी मस्टर परत उघडलं.

मी टाइमकीपर. स्टोअरही माझ्याचकडं.
काचेमागून सगळं दिसतं.
मला कुणी मोजत नाही,
मीही कधी "हाय" म्हटलेलं नाही.

त्या मंगळवारी सातव्या आवाजाच्या जागी
समीर बागवान म्हणाला,
"मी हाय. बूट न्हाईत."

लेडलमधलं लोखंड कुणाची वाट बघत नाही.
मिनिटाला किती रुपये थंड होतात
ते मॅनेजर जिन्यावरूनच सांगत आले.
मगदूमनं लेडल घोडीवर टेकवला.
आदळला नाही,
जेवणाचा डबा ठेवावा तसा.
"मोजणी पुरी झाली न्हाई, सायेब."

बूट होते.
स्टोअरच्या वरच्या फळीवर, खोक्यात,
नऊ दिवस.
मागणीपत्रावर एक सही कमी होती
आणि किल्ली माझ्या कमरेला.

केबिन ते स्टोअर, स्टोअर ते भट्टी,
एकशे चाळीस पावलं.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोजली.
समीरनं नाडी बांधेपर्यंत कुणी हललं नाही.
मग तो नुसतं "हाय" म्हणाला
आणि ओतकाम सुरू झालं.
धातू निवल्यानं तीन साचे वाया गेले.
रिजेक्शनमध्ये मीच लिहिले,
कारणाच्या जागी बराच वेळ पेन धरून.

दुसऱ्या दिवशी, आठव्यानंतर की नवव्यानंतर,
कोअर शॉपच्या भिंतीपलीकडून
एक बारीक आवाज:
"हाय."
सुगंधा कांबळे.
तिच्यामागं आणखी तिघी, एकमेकींना ढकलत, हसत.
मगदूमची मान वळली.
सत्तावीस वर्षं त्याचा आकडा
त्या भिंतीच्या अलीकडंच संपत होता.
बोलला काही नाही.
अंगठा पहिल्या पेरावर आणला
आणि मोजणी पुन्हा सुरू केली.

आता पंधरा होतात.
खंडेनवमीचा नारळ अजून बाप्येच फोडतात,
त्यावर सुगंधा काय म्हणते
ते इथं लिहिण्यासारखं नाही.
फलक आहे अजून. त्याच्या खिळ्याला
पोरं हेल्मेट अडकवतात.

माझ्या मस्टरला ह्यातल्या कशाचाच रकाना नाही.
सातला मात्र हल्ली मी काच सरकवून ठेवतो.
काल वाळूची धूळ घशात गेली, ठसका लागला.
मगदूमनं वर बघितलं
आणि अंगठा
एक पेर पुढं सरकवला.