एकोणतीस फेब्रुवारीची घट

विट्यात, जुन्या स्टँडच्या मागं, झेरॉक्सवाल्याच्या माडीवर
मी लोकांचे दिवस मोजते.
पैसे नंतर.

आमच्याकडची माणसं सोनं आटवायला पांगलेली,
सेलम, कटक, गुवाहाटी,
आणि आता नकाशा उलटा धरून शोधावं लागतं तिथं.
मालक नाही, म्हणून पगाराचा दाखला नाही.
स्वतःची भट्टी, स्वतःची मूस, स्वतःचा खोकला.
रकान्यात फक्त लिहायचं: व्यवसाय.

शालन मुळीक, लेंगऱ्याहून, पिशवीत नवऱ्याच्या पासपोर्टची झेरॉक्स,
शिक्के इतके फिके की खिडकीशी नेऊन वाचले.
बजरंग मुळीक. अठरा वर्षं सेलम, गेली चार म्वांझा.
स्टेपलरला टेकवलेल्या मोबाईलमध्ये तो बसला होता,
मागं पत्र्याची भिंत आणि बादलीत तेजाब.

तिकडच्या कराच्या पावत्या आल्या होत्या.
वर मोठ्या अक्षरात: कोडी.
"हे काय?"
"करच की. हितं कराला कोडी म्हंत्यात."
मी म्हटलं, बरोबर म्हणतात.

चौदा सप्टेंबरला उतरला. मिरजेत छातीचे फोटो, गोळ्या, विश्रांती.
तेरा मार्चला गेला.
हा हिशेब मीच करून दिलेला,
मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजत, शाळेत शिकवला तसा:
एकशे एक्याऐंशी. एक दिवस हातात ठेवून जा म्हटलेलं.
एकशे ब्याऐंशी भरले की माणूस इथला,
आणि इथला झाला की जगात कुठंही मिळवलेला रुपाया इथला.

आज यंत्रानं मोजले.
एकशे ब्याऐंशी.
तीनदा मोजले. मग भिंतीवरचं गेल्या सालचं कॅलेंडर,
जे फेकायचं राहिलं होतं, उलटलं.
फेब्रुवारीच्या तळाशी एक चौकोन जास्त.

तिकडचा भरलेला वजा जाईल, त्याला फॉर्म सदुसष्ट आहे.
तरी वरचा फरक उरतोच: एकतीस हजार चारशे.
दोनदा कर लागू नये म्हणून दोन देशांत करार आहे.
दोन ठिकाणी चूल, दोन ठिकाणी भाडं,
दोन ठिकाणी ताप आला तर कुणाला सांगायचं,
त्याचं कलम मी अजून कुठं वाचलेलं नाही.

"चूक माझी," मी म्हटलं. "फी नको."
मोबाईलमधला माणूस काहीच बोलेना.
आवाज अडकला की तोच, कळेना.
मग शालन म्हणाली, माझ्याकडं न बघता:
"त्या दिशी लाइट न्हवती. मोटर जळाल्याली.
पाणी न्हाई, काम न्हाई.
ह्येनी दिसभर सोप्यात बसून शेंगा फोडल्या.
मी म्हटलं, आवो बास की, घरभर टरफलं झाली.
तर म्हंत्यात, आसू दे."
"तोच दिवस कशावरून?"
"आदल्या रातच्याला मोटर गेली. वायरमन एक तारखेला आला."

पलीकडं भट्टीचा फुसकारा, मग त्याचा आवाज:
"बाई, आटणीत घट धरावीच लागती.
कितीबी झाकून आटवा, थोडं उडून जातंच."
थांबला, खोकला.
"ही तर उडालं न्हाई."

मी 'निवासी' वर टिचकी मारली.
त्या शब्दापुढं गोल ठिपका उमटतो, एवढंच.
फी मात्र शालननं दिलीच, सुट्टे मोजून, दहाच्या नोटांसकट.

सगळं भरलं. पडताळणीला ओटीपी.
नंबर शालनचा, मोबाईल तोच, ज्यात नवरा.
सहा आकडे वरून घसरत आले
आणि नेमके त्याच्या कपाळावर थांबले.
"वाचा पटकन," मी म्हटलं.
ती वाचेना.
"थांबा वाईच, त्येंचं तोंड दिसंना झालंय," म्हणाली,
आणि आकडे जाईपर्यंत बोट तसंच धरून बसली.
दुसरा मागवावा लागला.