बिलात वाऱ्याचा उल्लेख नाही

पुंता अरेनासच्या धक्क्यामागे
बाबांची खेकडे ठेवायची खोली होती.
बोट विकल्यापासून रिकामीच.
तिथे मी दोन स्पीकर मांडले,
भिंतींना जुन्या लोकरी गाद्या ठोकल्या
आणि दारावर खडूनं लिहिलं: निएवेस, मिक्सिंग.
ओल्या दिवशी फरशीतून अजून खेकडे वास मारतात.
बरं की वास फाईलमधून जात नाही.

ऑक्टोबरात रेडिओची नोकरी सोडली.
बाबा म्हणाले, दुसऱ्याच्या गाण्यातली धूळ पुसायचे
लोक पैसे देतात?
म्हटलं, देतील.
भविष्यकाळावर एवढं ओझं
मी कधीच टाकलं नव्हतं.

पहिलं काम विंडहुकहून.
टांगेनी भावाच्या गॅरेजात ड्रम वाजवतो,
सूवी गाते औलूला, स्वयंपाकघरात.
ते एकमेकांना भेटलेले नाहीत,
मी दोघांनाही.
मी सकाळची कॉफी ठेवते तेव्हा
टांगेनी जेवून ढेकर देत असतो
आणि सूवीच्या खिडकीत
दिवस आवराआवर करत असतो.

दर विचारला त्यांनी.
मनात होता त्याच्या निम्मा सांगितला.
तत्काळ उत्तर आलं: चालेल.
त्या एका शब्दाच्या वेगावरून कळलं
मी किती स्वस्तात गेले ते.

पण काम मिळालं!
कानात वारं शिरलेल्या वासरासारखी
आठवडाभर हुंदडले त्या खोलीत.
फाईलचं नाव ठेवलं: शेवटचं.
मग: खरंच शेवटचं.
मग: शेवटचं, टांगेनीचं ऐकून.

टांगेनीनं ऐकलं ते भावाच्या टॅक्सीत.
म्हणाला, बेस इतका आहे
की दारं थरथरतायत,
मागची बाई मध्येच उतरली.
मी पुन्हा लावून पाहिलं. माझ्याकडे तर नेमका होता.
दोन रात्री डोकं धरून बसले,
तिसऱ्या दिवशी पत्र्यावरून वारा घोंगावत गेला
आणि उलगडलं:
त्याच्यावर आवाज चढवायचा म्हणून
मी नकळत बेस वाढवत होते.
जन्मापासून ऐकतेय त्याला,
म्हणून ऐकूच येत नव्हता.
वासराचं राहू दे,
माझ्याच कानात वारं होतं.

तेव्हापासून पहाटे चारला बसते.
तेवढा वेळ तो दम खातो.

सूवीच्या आवाजाखाली एक गुणगुण होती,
बारीक, चिवट, न थांबणारी.
तिचा फ्रिज.
मी तीन तास खपून तो उपटून काढला,
एकेका शब्दामागून,
भातातले खडे वेचावेत तसा.
स्वच्छ गाणं पाठवलं, सोबत बिल.
सूवीनं लिहिलं:
सुंदर आहे. पण हे कुठे गातेय मी?
माझं घर गेलं यातून.

फ्रिज परत ठेवला.
सगळा नाही, पहिल्या कडव्याआधी थोडा,
आणि ती श्वास घेते तिथे.
काढायचे पैसे लावले होते,
ठेवायचे कसे लावू?
बिलात एक ओळ कोरी सोडली
आणि खाली एकूण, तेवढीच.

पैसे आले अकराव्या दिवशी,
मधल्या दोन बँकांनी आपापला घास काढून.
उरले त्यात गॅसची टाकी,
आणि पत्र्यासाठी खिळे.

बोट विकून दोन वर्षं झाली
तरी बाबा चारलाच उठतात.
आज दारात उभे राहिले, टोपी हातात,
देवळात शिरावं की नाही अशा चेहऱ्यानं.
बाहेर फटफटत होतं. वारा नव्हता.
मी काही बोलले नाही, गाणं लावलं.
टांगेनीच्या ड्रमवर त्यांची बोटं हलली नाहीत.
सूवीच्या वरच्या सुरावर पापणी नाही.
मग ती श्वास घ्यायला थांबली
आणि बाबांनी मान वळवली:

कुणाचा फ्रिज वाजतोय गं?
औलूतला, बाबा.
कुठे असतं ते?
लांब. खूप वर.

ते जरा ऐकत राहिले.
म्हणाले, मोटर जायला आलीय त्याची.
सांग तिला.