प्रश्न सतरावा

टोलेडोत, बंद पडलेल्या बुटांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर
आम्ही अकरा जणी कानाला हेडफोन लावून बसतो.
वेळ पाच ते नऊ. लोक जेवायला बसलेले असतात,
तेव्हा त्यांना विचारायचं, की नवा आरोग्य कायदा
पूर्ण मान्य, थोडाफार मान्य, थोडाफार अमान्य
की अजिबात अमान्य.
प्रश्न फक्त वाचायचा, समजावायचा नाही.
'कायदा म्हणजे नक्की काय?' असं कोणी विचारलंच, तर
'तुम्हाला जे वाटत असेल ते',
हे उत्तर आम्हाला छापून दिलंय.

सोळा प्रश्न लोक माशा हाकलल्यासारखे उडवतात.
सतराव्यापाशी थांबतात:
ही माहिती तुम्हाला मुख्यतः कुठून मिळाली?

ऑर्व्हिल ट्रक चालवतो. म्हणाला,
रात्री दोनला डेटनच्या पुढे एकच स्टेशन लागतं,
त्यावर तो माणूस नुसता ओरडत असतो.
पटतं का त्याचं?
(हे विचारायचं नसतं. विचारलं.)
'पटण्याचं कोण बघतंय बाई, जागं ठेवतो ना.'
मी रेडिओच्या चौकटीत खूण केली.

एक जण म्हणाली, सरकार म्हाताऱ्यांच्या याद्या करणार आहे,
औषध कोणाला द्यायचं, कोणाला नाही.
कोणी सांगितलं? जावेनं.
जावेला? चर्चमधल्या बेउलानं.
आणि बेउलाला?
पलीकडे बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज.
'हे बघ, माझा नवरा पडून होता तेव्हा
सहा आठवडे तिनं गरम डबा पोचवला.
ती खोटं कशाला बोलेल?'
'इतर'पुढच्या रेषेवर मी लिहिलं: डबा.

लायलला कायदा रद्द हवा, आजच्या आज, मुळासकट.
फक्त बायकोच्या इन्सुलिनचं ते हिरवं कार्ड
तेवढं कोणी काढून घेऊ नये, म्हणाला.
कार्ड त्याच कायद्याचं.
माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं.
वाचायचा, समजावायचा नाही.
'अजिबात अमान्य', मी खूण केली,
आणि आभार मानले, कागदावर होते तसे.

मग आर्डिथ. वय एक्क्याऐंशी, गावाचं नाव मला नीट ऐकू आलं नाही.
पहिल्याच प्रश्नाला म्हणाली, थांब, चष्मा आणते.
तिनं ग्रंथालयातून अख्खा कायदा छापून घेतलाय,
पानाला दहा सेंट मोजून.
रोज सकाळी चार पानं, पेन्सिल घेऊन.
आज दोनशे बारावर आहे.
खुणेला घातलंय ॲम्ब्युलन्सचं बिल, नवऱ्याचं,
तेही तिनं वाचून दाखवलं: मैल चौदा, ऑक्सिजन,
सुया नग तीन.
'पोचेपर्यंत तो गेला होता, ते यात कुठे नाही.'
काचेवर मर्लची टकटक. बारा मिनिटांचा कॉल, सव्वीस झालेली.
तर मग तुमचं मत, मॅडम?
'अजून झालं नाही. एवढ्यात कसं होईल?
वाचून संपलं की फोन कर, उन्हाळ्यात कधीतरी.'

त्यासाठी एकच चौकट होती: 'माहीत नाही'.
शंभरातल्या ज्या सातांना पेपर अडाणी म्हणेल,
त्यांत आता आर्डिथ आहे.

नऊला जिना उतरते. डावी दाढ ठणकते.
आठवड्याला अठ्ठावीस तास काम देतात, तिसाला विमा द्यावा लागतो म्हणून.
लवंगेच्या तेलाचा बोळा, आई सांगायची.
आईला कोणी सांगितलं, कधी विचारलं नाही.

बसस्टॉपवर धुलाई दुकानातली कोरीन भेटते.
बर्फ बुटांनी चिरडत विचारते,
'त्या कायद्याचं काय गं होणार? तू तिथे कामाला,
तुला ठाऊकच असणार.'
दाढेत बोळा धरून मी काहीतरी बोलते,
अर्धं ऑर्व्हिलचं, अर्धं बेउलाचं,
आणि ती मान डोलावते.

उद्या तिला फोन गेला तर
सतराव्याला ती माझं नाव सांगेल.